पंडिता रमाबाई: सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण मान कुणापुढे तुकवली नाही

१८८३ साली पंडिता रमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या. वय २५ वर्षं. नवरा वारलेला, सोबत दोन वर्षांची मुलगी. जायचं कारण एकच होतं, डॉक्टर व्हायचं.

पण तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. त्यांना कमी ऐकू येत होतं आणि हा त्रास वाढतच चालला होता. डॉक्टरकीचा विचार सोडून द्यावा लागला.

आता गंमत बघा. कानाने अधू असलेली ही बाई आयुष्यभर लोकांचं ऐकत राहिली. काशीत शास्त्री म्हणून नाव कमावलेला आणि मग ख्रिस्ती झालेला पंडित, इंग्लंडमधल्या मठातल्या सिस्टर, शाळेच्या हेडमास्तरीण बाई, कधीही न भेटलेल्या पाद्र्याचं पुस्तक आणि शेवटी स्वतःच्याच आश्रमातल्या अनाथ मुली. या प्रत्येकाने त्यांच्या श्रद्धेला वळण दिलं.

आणि तरीही त्यांच्यावर सगळ्यात जास्त झालेला आरोप होता, ही बाई कुणाचं ऐकत नाही!

मराठीत 'ऐकणं' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे कान देणं. दुसरा म्हणजे सांगितलं तसं वागणं. रमाबाईंनी पहिली गोष्ट मनापासून केली. दुसरीच्या वेळी मात्र त्या थांबून विचार करायच्या. त्यांचं ख्रिस्ती आयुष्य समजून घ्यायचं तर हा फरक समजून घ्यावा लागतो.

ऐकण्याची सवय लागली कुठे?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथल्या जंगलात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवायचंच, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळात बाईने संस्कृत शिकणं म्हणजे धर्म बुडणं. लोकांचा विरोध झाला तरी त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकवलं.

पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. पहाटे उठवून, तोंडी. रमाबाई आईच्या तोंडून ऐकून पाठ करत गेल्या. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते असं सांगितलं जातं.

घर असं नव्हतंच. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराणं सांगत भारतभर फिरायचं. मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेले. उरल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं अर्धपोटी, पायी भटकत राहिली.

१८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. विशीतल्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना तिथेच मिळाल्या.

कलकत्त्यातच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. माणसं खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून बसली होती. त्यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय! संस्कृत बायबलची एक प्रतही तेव्हा हातात पडली, पण त्यातलं संस्कृत त्यांना परकं वाटलं. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिला. बायकांनी वेद वाचायचा नसतो, असं ऐकतच त्या वाढल्या होत्या.

एक जुनं पुस्तक आणि एक मिशनरी

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोघांची जात वेगळी, प्रांत वेगळा. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. संसार आसामातल्या सिल्चरला सुरू झाला.

तिथे नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी हे एक. वाचून त्यांची उत्सुकता वाढली. आयझॅक अ‍ॅलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी घरी यायचे, त्यांच्याकडून त्या समजून घ्यायला लागल्या. नवऱ्याला सुरुवातीला यात काही वावगं वाटलं नाही. पण बायको खरंच ख्रिस्ती व्हायचा विचार करते की काय, अशी शंका आल्यावर त्याला ते रुचलं नाही.

फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने बिपिनबिहारींचा मृत्यू झाला. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती.

रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन भारतात महिला डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठणकावून सांगितलं. इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा प्रवासखर्चासाठी या पुस्तकाचा हातभार लागला. तिथे सिस्टरना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहायचं, असं ठरलं. फुकट कुणाचं खायचं नाही, हा त्यांचा बाणा होता.

निघताना त्यांनी पुण्यातल्या स्नेह्यांना शब्द दिला होता, मी ख्रिस्ती होणार नाही.

मग असं काय घडलं?

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन मठाच्या सिस्टरकडे राहिल्या. याच मठाच्या सिस्टर पुण्यात पंचहौदला काम करायच्या.

एकदा सिस्टर त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला घेऊन गेल्या. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवून टाकलेल्या बायकांसाठी तिथे आश्रम होता. सिस्टर त्या बायकांशी मायेने वागत होत्या, त्यांना पुन्हा उभं करत होत्या. हे दृश्य रमाबाईंसाठी नवीन होतं. अशा बाईला धर्माने शिक्षाच द्यायची असते, असं त्या लहानपणापासून शास्त्रांत वाचत आल्या होत्या.

त्यांनी विचारलं, तुम्ही यांच्याशी असं का वागता? उत्तरादाखल सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर येशू एका परजातीच्या, बदनाम बाईशी बोलतो, ती गोष्ट. ती ऐकून रमाबाईंचं मन वळलं.

पण बुद्धीचं काय? ती अजून अडून बसली होती. तिथे कामी आले फादर नेहेम्या गोऱ्हे.

गोऱ्हे म्हणजे मूळचे नीलकंठशास्त्री. बनारसला वाढलेले चित्पावन ब्राह्मण. ख्रिस्ती मताचं खंडन करायचं म्हणून त्यांनी ते अभ्यासलं आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यांची आणि रमाबाईंची भेट झाली होती. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी पत्राने सविस्तर उत्तर दिलं. गोऱ्हे स्वतः शंकांशी आयुष्यभर झगडत राहिले होते, त्यामुळे शंका विचारणाऱ्याला ते दटावत नसत. एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याशी वाद करावा तसं त्यांचं लिहिणं होतं. त्या उत्तराने रमाबाईंच्या बुद्धीचं समाधान झालं.

याच दिवसांत एक भयंकर गोष्टही घडली. रमाबाईंच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत धर्मांतराच्या भीतीने मनाचा तोल घालवून बसल्या आणि त्यांनी आत्महत्या केली. परक्या देशात असलेला एकमेव आपला माणूस गेला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात खळबळ उडाली. दिलेला शब्द मोडला म्हणून अनेकांनी टीका केली. महात्मा फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

'आजीबाई' आणि तिची लेक

बाप्तिस्मा झाला म्हणजे वाद संपायला हवे होते. उलट खरे वाद तिथून सुरू झाले.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे रमाबाईंना आध्यात्मिक मार्गदर्शन करण्याची जबाबदारी होती. रमाबाई आणि मनोरमा त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणायच्या. प्रेम दोन्ही बाजूंनी होतं. पण आजीबाईंचं म्हणणं साधं होतं, बाप्तिस्मा घेतलाय ना, मग चर्च जे शिकवतं ते मान.

रमाबाईंच्या मनात मात्र शंका होत्या. देव एक, पण तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत कसा? येशूचा जन्म कुमारिकेपोटी झाला, हे बायबलमधून नेमकं कसं सिद्ध होतं? मी ख्रिस्ताला मानते, पण चर्चने नंतर तयार केलेली प्रत्येक व्याख्या मी का मानावी?

जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. रमाबाई मांस-अंडी खात नाहीत, तेही त्यांना जातीच्या अभिमानासारखं वाटलं. सिस्टरच्या क्रॉसवरचा मजकूर लॅटिनमध्ये होता. मला लॅटिन कळत नाही, लिहायचंच तर संस्कृतात लिहा, असं रमाबाईंचं म्हणणं होतं.

मग मोठा खटका उडाला. रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची किंमत जाईल, असं त्यांचं मत होतं.

ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये व्याख्यानं दिली, तिला हे सांगितलं जात होतं! रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मानेवरून उतरवायला मला फार कष्ट पडलेत. आता त्याच्या जागी दुसरं जोखड मी घेणार नाही. माझा सदसद्विवेक माझा आहे.

त्याच काळातली दुसरी मार्गदर्शक

चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका होत्या डोरोथिया बील. त्यांनी वेगळा मार्ग धरला.

रमाबाईंची शंका आली की बील बाई ती मन लावून वाचायच्या आणि पत्राने उत्तर द्यायच्या. तू चुकतेस असं वाटलं तर का चुकतेस ते सांगायच्या. चर्च म्हणतं म्हणून मान, हे वाक्य रमाबाईंच्या बाबतीत चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. धर्माचा तत्त्वज्ञान म्हणून अभ्यास केलेल्या माणसाला धाक दाखवून श्रद्धा देता येत नाही, हे त्यांनी मठातल्या मंडळींनाही समजावायचा प्रयत्न केला.

दोघींची श्रद्धा एकाच चर्चची. दोघींनाही रमाबाईंचं भलं हवं होतं. पण एकीजवळ रमाबाई शंका मोकळेपणाने मांडू शकल्या आणि दुसरीजवळ त्यांना सतत स्वतःचा बचाव करावा लागला.

तरीही रमाबाईंनी जेराल्डीन यांच्याशी नातं तोडलं नाही, हे विशेष. भांडणाची पत्रं जात-येत राहिली, मायेचीही राहिली. पुढे मनोरमेला शिकायला इंग्लंडला पाठवलं ते याच आजीबाईंच्या देखरेखीखाली. आणि जेराल्डीन यांनी ही सगळी पत्रं जपून ठेवली, त्यात स्वतःविरुद्धची कडक पत्रंही होती. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपाने काढली. म्हणून आज हा सगळा वाद आपल्याला दोन्ही बाजूंनी कळतो.

आठ वर्षांनी उमगलेली गोष्ट

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं. तिथे त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं. विधवांच्या शाळेसाठी मदत करायला बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. गोदूबाई ही इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक. पुढे त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

काम जोरात होतं. पण रमाबाईंच्या आत काहीतरी रिकामं होतं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. अशात १८९१ च्या सुमारास त्यांच्या हातात विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचं आत्मकथन आलं.

या हॅस्लमची गोष्ट मजेशीर आहे. कित्येक वर्षं पाद्री म्हणून काम केल्यावर एके दिवशी स्वतःचंच प्रवचन देताना त्याला जाणवलं की आपण लोकांना जे सांगतोय ते आपल्यालाच कधी मिळालेलं नाही. आणि तिथेच, भर चर्चमध्ये, त्याच्यात बदल झाला.

रमाबाईंनी हे वाचलं आणि स्वतःला तपासलं. त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म पटला होता, पण ख्रिस्ताशी नातं जुळलं नव्हतं. आपण एक मत स्वीकारलं, एवढंच.

जगभर नाव झालेलं, पुस्तकं गाजलेली, बिशपांना निरुत्तर केलेलं. अशा बाईने आपण आतून कोरड्या आहोत हे एका अनोळखी पाद्र्याच्या पुस्तकावरून मान्य करणं सोपं नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं आणि पुढे स्वतःच्या आध्यात्मिक प्रवासाबद्दल लिहिताना उघडपणे सांगितलंही.

या बदलाची किंमतही मोजावी लागली

शारदा सदनात कुणालाही धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या.

पुण्यात ओरड झाली, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंनी दार बंद करावं, असा सल्ला देणारे त्यांचे हितचिंतकच होते. त्यांनी तो ऐकला, पण मानला नाही. मुली मोकळेपणाने येतात, मी त्यांना बोलवत नाही आणि हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. दुसऱ्या बाजूचा प्रश्नही खराच होता. ज्या पालकांनी तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठवल्या, त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटलं. या घटनेवर आजही अभ्यासकांमध्ये एकमत नाही.

मुलींचंही ऐकलं

१८९६-९७ मध्ये मध्य भारतात दुष्काळ पडला. उपासमारीत आई-वडील गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर 'मुक्ती' उभं राहिलं. त्यानंतर गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. शेती, विणकाम, छापखाना, शाळा असं एक गावच तिथे वसलं.

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठं आध्यात्मिक जागरण झाल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंनी मनोरमेला आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं, तिथल्या प्रार्थनागटांबद्दलही ऐकलं होतं. दूरच्या लोकांकडून शिकायला काय हरकत? जानेवारी १९०५ पासून मुक्तीतल्या सत्तरेक जणी रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या. हळूहळू हा आकडा काहीशेंवर गेला.

जूनच्या अखेरीस ते घडलं. मुली रडू लागल्या, आपल्या चुका मोठ्याने कबूल करू लागल्या, एकाच वेळी सगळ्या मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. एका संध्याकाळी रमाबाई स्वतः योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत होत्या. प्रार्थनेचा आवाज इतका वाढला की त्यांना बोलणं थांबवावं लागलं.

काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हे पटलं नाही. हा गोंधळ आहे, शिस्त हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. आता रमाबाई स्वतः जेराल्डीनच्या जागी होत्या. हजारो किलोमीटरवरच्या चर्चची पद्धत या मुलींवर लादायची की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं.

त्यांनी लादली नाही. भारतीय माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे व्यक्त होऊ द्या, अशी बाजू त्यांनी जाहीरपणे मांडली. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुलींकडूनही आपल्याला काही शिकायला मिळू शकतं, हे या पंडितेने मानलं.

शेवटचं काम

याच मुलींसाठी त्यांनी आयुष्याचं शेवटचं मोठं काम हाती घेतलं. तेव्हाचं मराठी बायबल त्यांना संस्कृताने जड झालेलं वाटायचं. खेड्यातल्या बाईला कळेल असं बायबल हवं होतं. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं.

१९२१ मध्ये मनोरमा वारली. मुक्तीचं काम तिच्या हाती सोपवायचं होतं, ती आधी गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा काम पूर्ण होत आलेलं होतं. १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.

ज्या चर्चच्या बिशपांशी त्या भांडल्या, त्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणासाठी राखून ठेवलेला आहे. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.